शस्त्रक्रियोत्तर आंत्रस्तंभ
पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल काही काळ थंडावण्याची अवस्था. आतड्याचे स्नायू लाटेसारखे आकसत अन्न पुढे ढकलतात, हा क्रमसंकोच. आतडी हाताळली की अनुकंपी (सिंपथेटिक) तंत्रिका तो रोखतात. बेलिस व स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत हा निरोध दाखवला. काही तासांनी आतड्याच्या भिंतीला दाह होतो आणि आंत्रस्तंभ खरा लांबतो तो त्यामुळे. मॉर्फीनसारखी वेदनाशामके व पोटॅशियमची घट त्यात भर घालतात.

लहान आतडे साधारण २४ तासांत, जठर २४ ते ४८ तासांत, तर मोठे आतडे ४८ ते ७२ तासांत पूर्ववत होते. त्यामुळे स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या लहान आतड्याच्या नुसत्या गुडगुडीवर भिस्त ठेवता येत नाही.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९८८) असो की लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था, सकाळच्या फेरीत रुग्णाला हमखास विचारले जाते : “वारा सरला का?” मोठ्या आतड्याबद्दल हा साधा प्रश्न स्टेथोस्कोपपेक्षा अधिक सांगून जातो.

वारा सरेपर्यंत उपाशी ठेवण्याची जुनी रीत डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मोडीत काढली. लवकर उठवून चालवणे, अफूजन्य औषधे कमी करणे आणि डॉक्टरांच्या संमतीने पेज किंवा वरणाचे पाणी लवकर सुरू करणे, हा आजचा कल. गावाकडून आलेल्या नातलगांनी परस्पर एरंडेल पाजणे मात्र घातक. चार-पाच दिवसांनीही पोट फुगलेले राहिले, हिरवी उलटी वा ताप आला, तर अडथळा किंवा टाक्यातून गळती झाली आहे का हे तातडीने तपासतात.