दार अल-कुतुब ते एज्युकेशन सिटी

दोह्यात पुस्तकं वाचतो कोण, असं भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात. त्यांना सांगावं, इथलं 'दार अल-कुतुब' हे सार्वजनिक ग्रंथालय १९६२ चं, म्हणजे कतार स्वतंत्र होण्याच्या नऊ वर्षं आधीचं! त्याच्या पन्नाशीला, २०१२ मध्ये, नव्या राष्ट्रीय ग्रंथालयाची घोषणा झाली. एज्युकेशन सिटीतली रेम कूलहास यांच्या आराखड्याची ही वास्तू नोव्हेंबर २०१७ मध्ये वाचकांना खुली झाली.

आम्हा आयटीवाल्यांना 'मायग्रेशन' म्हटलं की धडकी भरते. नव्या सिस्टिममध्ये जुना डेटा बहुधा कुठल्यातरी कोपऱ्यात पडतो. इथे उलट केलंय. जुनी हस्तलिखितं, नकाशे असा वारसा-संग्रह बरोब्बर मध्यभागी, सहा मीटर खोल जागेत ठेवलाय. जणू उत्खननात सापडलेलं गावच! भोवती पांढऱ्या संगमरवराची कपाटं. दिवे, खेळती हवा, पुस्तक परत करायची सोय, सगळं त्यांच्यातच.

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप. सभासदत्व मोफत, आणि तेही फक्त कतारींना नाही, इथे राहणाऱ्या आपल्यालाही. गावच्या वाचनालयात अनामत भरणाऱ्या आपल्या मंडळींना हे आधी पटतच नाही. मुलांना बालविभागात नेणार असाल, तर परत निघायला तासभर जास्तीचा धरा.