गवताचे झाड

बांबूच्या बेटात कुऱ्हाड कुठून घालायची, हे बांबूच्या वाढीतूनच ठरते. पावसाळा लागला की नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगाने वर येतात आणि काही महिन्यांतच पुऱ्या उंचीला पोचतात. पण ती काठी पक्की व्हायला पुढची दोन-तीन वर्षे जातात. म्हणजे कोवळा माल कडेला, हाताशी, आणि जून माल आत, एकमेकांत गुंतलेला. बेट जगवायचे तर एका बाजूने आत शिरायचे, घोड्याच्या नालेसारखी वाट काढत मधला जून बांबू काढायचा, जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर घाव घालायचा, चालू सालच्या काठीला हात लावायचा नाही आणि तिच्या आधाराला काही जुन्या काठ्या उभ्या ठेवायच्या. काम वेळखाऊ आहे. कडेचाच बांबू सपासप तोडला तर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त मोळ्या पडतात. ज्याला मोळीवर मजुरी मिळते आणि पुढच्या हंगामात दुसऱ्याच जंगलात जायचे असते, त्याने कड का राखावी? ज्याला तीन-चार वर्षांनी त्याच बेटाशी यायचे आहे, तो मात्र आतूनच तोडतो. जंगल वापरावे की राखावे, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षे चालला आहे, आणि मला तो चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. तोडणाऱ्याला परत त्याच जागी यायचे आहे का, आणि आल्यावर तिथे उरलेल्यावर त्याचा हक्क असेल का, यावर जंगलाचे भवितव्य ठरत आले आहे. गडचिरोलीच्या बांबूचा इतिहास ही गोष्ट जितकी उघडी करून दाखवतो, तितकी सागवानाचा इतिहासही दाखवत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी बांबू हे गवत. ज्वारी, भात, ऊस हे त्याचे भाऊबंद. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माड, बुंधे, झुडपे आणि वेत यांच्या रांगेत बांबूलाही बसवले. कायदा लिहिणाऱ्यांना गवत आणि झाड यांतला फरक कळत नव्हता असे नाही. पण व्याख्या करताना त्यांच्या डोळ्यांपुढे महसूल होता. गंमत अशी की त्याआधी बराच काळ याच बांबूला वनखाते तण समजत असे. ब्रिटिशांना हवा होता साग. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजे बांधली. त्यांतले १८१७ सालचे ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात आजही तरंगते आहे. पुढे रेल्वे आली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची भूक वाढली. १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले, १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले आखली गेली, आणि या सगळ्या व्यवस्थेत सागाच्या रोपांवर सावली धरणारा बांबू म्हणजे अडगळ ठरला. मग देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत बांबूच्या लगद्याचे प्रयोग झाले, आणि १९२५ मध्ये बांबूपासून कागद करण्याच्या उद्योगाला संरक्षण देणारा कायदाच झाला. एका पिढीत तणाचा कच्चा माल झाला. या साऱ्या काळात बुरूड मात्र सूप, रोवळी, परडी, टोपली, कणगी विणतच होता. त्याच्या लेखी बांबू तणही नव्हता आणि झाडही नव्हता. पण त्याला कोणी विचारले नाही.

स्वातंत्र्यानंतर हा हिशेब आणखी पक्का झाला. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या दांडेलीच्या कागद कारखान्याला १९५८ साली सरकारने बांबू दिला तो टनाला दीड रुपया दराने. बाजारात बांबू विकत घेणाऱ्या बुरुडाला याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागत. या दराकडे नुसते सवलत म्हणून पाहिले तर अर्धीच गोष्ट कळते. फुकटात मिळणाऱ्या मालाला जपण्याचे काहीच कारण उरत नाही. जवळचे जंगल संपले तर पुढच्या जंगलात जायचे, तेही संपले तर परराज्यातून आणायचे. प्रत्येक टप्प्यावर वाहतूक तेवढी महाग होते, बांबू नाही. सत्तरच्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या भागातल्या बांबूचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यासमोर एक बारीकशी बाब आली आणि मला ती सगळ्या आकडेवारीहून बोलकी वाटते. कळकाच्या, म्हणजे काटेरी बांबूच्या, बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. तोड सोपी व्हावी आणि बेट मोकळे होऊन नीट वाढावे, म्हणून ही जाळी साफ करायची पद्धत होती. गावकऱ्यांचे म्हणणे उलटे होते: काटे काढले की गुरे, वानरे, साळिंदर कोवळे कोंब खाऊन टाकतात आणि बेट खुंटते. अभ्यासाअंती गावकरी बरोबर निघाले. ज्या पद्धतीला शास्त्रीय म्हटले जात होते ती कागदावर मांडलेली होती. कोंब कोण खातो, हे मात्र जंगलात रोज ये-जा करणाऱ्याला माहीत होते.

चांदा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीची, कथा थोडी वेगळ्या वाटेने जाते, पण पोचते तिथेच. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मालगुजार आणि जमीनदार यांच्या ताब्यातल्या जंगलांतून गावाला घरासाठी, कुंपणासाठी, नांगरासाठी, सरपणासाठी जे लागे ते घेता येई. त्याला निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी-जमीनदारी संपवली, जंगले सरकारजमा झाली आणि निस्तार पत्रकांत उतरला. पत्रकात उतरलेला हक्क हळूहळू सवलत होतो आणि सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, याचा अनुभव विदर्भाला पुरेपूर आहे. इकडे बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबूचे ट्रकच्या ट्रक रीतसर बाहेर पडू लागले. त्याच बेटातल्या चार काठ्यांच्या टोपल्या विणून बाजारात न्यायच्या तर मात्र नाक्यावर कागद दाखवावा लागे. कायद्याच्या व्याख्येतला ‘झाड’ हा शब्द इथे कामाला येत होता. बांबू इमारती लाकडात मोडतो, आणि इमारती लाकूड सरकारचे.

१९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. याच सुमारास इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, आणि त्यातून धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव बोलू लागले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. पण गावाची खरी ओळख आहे ती तिथल्या सभेची. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर. ही रीत ऐकायला संथ वाटते, पण जंगलाच्या बाबतीत तिचा एक व्यावहारिक फायदा आहे: ज्या नियमाला सगळ्यांनी होकार दिला आहे, तो मोडणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. वणवा लावायचा नाही, फळांसाठी फळझाड तोडायचे नाही, असे नियम गावाने आपणच घालून घेतले. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्यात बांबू स्पष्ट शब्दांत गौण वनोपज आहे. म्हणजे एका कायद्याने तो ग्रामसभेचा आणि दुसऱ्या कायद्याने झाड. गावाने विक्रीची तयारी केली तेव्हा वाहतूक परवान्यावर गाडी अडली: जंगल तुमचे, बांबू तुमचा, पण परवान्याशिवाय हलवायचा नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. दीडशे वर्षांच्या वनव्यवस्थेत काय बदलले, असे विचारले तर मी त्या पुस्तकाकडे बोट दाखवीन. तोडणारा, राखणारा आणि परवाना लिहिणारा हे पहिल्यांदा एकाच सभेत बसू लागले.

यावरचा पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की जे सगळ्यांचे असते ते कोणाचेच नसते. सामाईक कुरणात प्रत्येक जण एक गाय जास्त सोडतो आणि कुरण उजाड होते. गावाच्या ताब्यात जंगल म्हणजे चार वर्षांत ओसाड माळ, हे मत सरकारी कार्यालयांत आजही ऐकू येते. हार्डिन चूक होते असे मी म्हणणार नाही; त्यांनी वर्णन केलेले कुरण खरे आहे, फक्त ते सामाईक नाही, बेवारस आहे. पुढे त्यांनीही आपले म्हणणे व्यवस्थापन नसलेल्या सामाईक मालमत्तेपुरते आहे, असे मान्य केले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशीची कुरणे, कालवे, मासेमारीची पाणी तपासून दाखवले की सीमा ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील आणि मोडणाऱ्यावर नजर असेल, तर सामाईक साधने शतकानुशतके टिकतात. मेंढ्याला हक्क मिळाला त्याच २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आणि मध्य भारतातली जंगले बेवारस कोणी केली, हेही हार्डिनवाद्यांनी एकदा पाहावे. गावाचा हक्क काढून घेतला, राखायला दर शेकडो हेक्टरमागे एक वनरक्षक ठेवला आणि तोडीचा ठेका बाहेरच्याला दिला, तर गावानेही चोरून तोडावे यात नवल काय? उद्या कोणीतरी नेणारच असेल तर आज आपणच न्यावे, हा हिशेब अडाण्याचाही असतो आणि शहाण्याचाही.

दुसरी बाजू गावावर फार भाळणाऱ्यांची, आणि तीही तपासायला हवी. परंपरेतच सगळे शहाणपण होते, असे म्हणताना आपल्याकडे हमखास आज्ञापत्राचा दाखला निघतो. आंबा-फणस तोडू नयेत ही आज्ञा थेट शिवाजी महाराजांच्या नावावर फिरते. आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांचे, १७१५ च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेले. आणि तो मजकूर वनरक्षणाच्या नव्हे, आरमाराच्या प्रकरणात आहे. गलबतांना लाकूड लागते, ते हुजुराच्या परवानगीने आणावे. पण आंबे-फणस रयतेने लेकराप्रमाणे वर्षानुवर्षे वाढवलेले असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तोडावे. यात वापराला बंदी नाही. झाड ज्याने राखले त्याची संमती आणि त्याची किंमत, एवढेच अमात्य मागतात. हे वाचून मला त्यांच्याविषयी आदर वाढतो, पण म्हणून अठराव्या शतकातला प्रत्येक कोकणी माणूस पर्यावरणवादी होता असे ठरत नाही. तसेच आजच्या ग्रामसभांचे. सगळ्याच मेंढ्यासारख्या नाहीत; काहींनी अख्खी तोड ठेकेदाराच्या गळ्यात घातली, आणि जिथे ठेकेदार हिशेब ठेवतो तिथे कडेचा बांबू पुन्हा तुटतो, मग परवान्यावर सही कोणाचीही असो. हा गावाच्या हक्काविरुद्धचा पुरावा म्हणून मांडला जातो. मला तो उलट बाजूचा वाटतो, कारण बिघाड होतो तो परत न येणारा माणूस कुऱ्हाड धरतो तिथेच.

तिसरा आक्षेप अभयारण्याच्या बाजूने येतो: जंगलाला माणसाचा हात लागूच नये. काही जागांपुरते हे मान्य करायला हवे, आणि हक्क मिळालेल्या गावांनीही ते केले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला. त्याहून महत्त्वाचा त्यांचा तेंदूचा निर्णय. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्याचा रोख पैसा. पण पाने चांगली फुटावीत म्हणून झाडे छाटली जातात आणि जंगलात आग लावली जाते. पाचगावने तेंदूपत्ता तोडणेच सोडले, बांबूवर भागवले, आणि तेंदूची फळे खायला मिळू लागली ती वेगळीच. हातचा पैसा सोडण्याचा हा निर्णय ज्याच्या मालकीचे काही नाही तो घेऊ शकत नाही. सोडायला आधी आपले असावे लागते.

२०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू हा शब्द अखेर गळला. पण ही मोकळीक जंगलाबाहेरच्या बांबूला. शेताच्या बांधावरचा बांबू आता गवत आहे. जंगलातून निघालेला अजून वनोपजच. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक हक्क आहेत, आणि त्यांच्यापुढची खरी अवघड वेळ कायद्यातून येणारी नाही. काही दशकांतून एकदा बांबू फुलोऱ्यावर येतो, अख्खा पट्टा एकदम. बी धरते, आणि बेटे वाळून मरतात. बांबू फुलला की दुष्काळ, ही जुनी समजूत उंदरांच्या धाडीतून आली. पडलेल्या बियांतून रोपे येतात, पण त्यांचे तोडण्याजोगे बेट व्हायला बरीच वर्षे लागतात. तोवर तिथे गुरे सोडायची नाहीत, आग शिरू द्यायची नाही आणि मिळकतीची आशाही धरायची नाही.