मूळ पेशी आणि दुखावलेलं हृदय

आम्ही सानपाड्याच्या बचत गटाच्या बायका. घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला की हल्ली कानावर येतं, 'स्टेम सेलची सुई घ्या, हृदय नवं होईल.' मग कर्जाचा अर्ज गटाकडे येतो. म्हणून आज या सुईचा इतिहास सांगतो.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. त्या हाडांच्या मगजात असतात आणि आयुष्यभर नवं रक्त तयार करतात. कॅनडातल्या टिल आणि मॅककुलॉक यांनी 1961 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून हे दाखवलं. 1983 मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ब्लड कॅन्सर झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला. भारतातलं हे पहिलं यशस्वी मगज-रोपण. आज टाटाचं हे काम आपल्या हार्बर लाइनवर, खारघरला चालतं.

हृदयाची गोष्ट वेगळी. रक्तवाहिनी तुंबली की पुढचा स्नायू मरतो आणि तिथे वण राहतो. 2001 मध्ये अमेरिकेतून बातमी आली, की मगजाच्या पेशी टोचल्यावर उंदराच्या हृदयात नवा स्नायू आला. 2004 मध्ये दुसऱ्या दोन गटांनी तपासलं, तर तसं काही आढळलं नाही. पुढे 2018 मध्ये, तो दावा करणाऱ्या प्रयोगशाळेचे 31 लेख मागे घ्यावेत, असं हार्वर्डनेच कळवलं.

तरी प्राण्यांच्या हृदयाला थोडा फायदा दिसत होता. तो कसा? टोचलेल्या बहुतेक पेशी लवकर मरतात, पण त्याआधी काही द्रव्यं सोडतात. त्यांनी सूज उतरते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, मरणाच्या वाटेवरचा स्नायू तग धरतो. अडचणीत शेजारीण डबा देऊन जाते, तसंच हे. ती आपल्या घरची होत नाही, पण घर सावरतं. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र हा फायदा थोडा आणि बेभरवशाचाच निघाला.

आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांनुसार मूळ पेशींचं रोपण रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीच नेहमीचा उपचार आहे. हृदयासाठी फक्त नोंदणी केलेली चाचणी चालते आणि तिचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. कुणी पैसे मागितले, तर समजून जा.

हृदयाचा स्नायू वाचतो तो पहिल्या काही तासांत. छाती दाटली, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ॲसिडिटी म्हणून बसू नका. लगेच 108 लावा.