पासवर्ड बरोबर, दार बंद

आयटीवाल्याला घरात आणि शेजारात एक कायमची पदवी चिकटलेली असते, "कॉम्प्युटरमधलं कळतं त्याला". मग प्रिंटरपासून डिश टीव्हीपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात. पण या सगळ्या तक्रारींत मला खरोखर आवडणारी एकच. "पासवर्ड बरोबर टाकतोय रे, तरी चुकीचा म्हणतो!" आपण हसतो आणि मनात म्हणतो, विसरले असणार. पण या तक्रारीला भलामोठा इतिहास आहे, आणि त्यात माणूस दरवेळी चुकलेला नसतो.

पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. शब्द जुना, पद्धत त्याहून जुनी. रोमन सैन्यात रात्रीच्या पहाऱ्याचा परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकड्यातुकड्यांतून फिरवायचे, असं पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. दुसरी गोष्ट बायबलमधली, 'शास्ते' नावाच्या पुस्तकातली. यार्देन नदीच्या उतारावर पहारेकरी प्रत्येकाला एक शब्द म्हणायला लावत, 'शिब्बोलेथ'. एफ्राइमच्या लोकांना 'श' म्हणता येत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि तिथेच मारले जात. गंमत बघा, शब्द गुप्त नव्हताच. पहारेकरीच तो सांगत होता. माहीत असलेला शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत बदलत होता, एवढंच. आपल्या तक्रारीचा हा पहिला नमुना समजायला हरकत नाही.

कॉम्प्युटरवर पासवर्ड आला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि मंडळींनी सीटीएसएस नावाची प्रणाली बनवली आणि १९६१ मध्ये तिचं पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं. एक मशीन, वापरणारे अनेक. मग प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवायला पासवर्ड आले. ते साध्या फाइलमध्ये, जसेच्या तसे लिहिलेले. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेले मशीनचे तास पुरेनात, म्हणून पठ्ठ्याने ती फाइलच छापून घेतली! पुढे एकदा दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.

यावरचा उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये केला आणि १९७९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पासवर्ड साठवायचाच नाही. त्याचं गणिती पीठ करून ठेवायचं. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही, तसं. तुम्ही पासवर्ड टाकला की मशीन त्याचं नव्याने पीठ करतं आणि डब्यातल्या पिठाशी ताडून बघतं. (त्या जुन्या युनिक्सच्या चक्कीत पहिली आठच अक्षरं जायची. नववं अक्षर काहीही टाका, दार उघडायचं!)

आता यातली मेख लक्षात घ्या. या पद्धतीत एक अक्षर बदललं तर सगळं पीठच वेगळं पडतं. म्हणजे "जवळपास बरोबर आहे, फक्त एक अक्षर बघा" असं मशीनला म्हणताच येत नाही. तुमचा पासवर्ड त्याला माहीतच नसतो. 'पासवर्ड चुकीचा' याचा खरा अर्थ एवढाच, की माझ्यापर्यंत जे पोचलं ते जुळलं नाही. तुमच्या डोक्यात काय होतं, याबद्दल मशीन एक अक्षरही बोलत नाही.

मग डोक्यापासून मशीनपर्यंतच्या वाटेत काय काय लागतं? पहिला अडथळा १८७८ सालचा. त्या वर्षीच्या रेमिंग्टन क्रमांक २ या टाइपरायटरवर शिफ्टची कळ आली. ती दाबली की यंत्राचा भाग खरोखर सरकायचा, म्हणून 'शिफ्ट'. ती दाबून ठेवून बोट दुखू नये म्हणून आली शिफ्ट लॉक, आणि तिची नात म्हणजे कॅप्स लॉक. टाइपरायटर गेले, नात राहिली.

दुसरा अडथळा आपल्या घरचा, आणि तो सांगायला रत्नागिरीला जावं लागेल. देवनागरीला यंत्रात बसवण्याच्या खटपटीत या गावाशी जोडलेली दोन नावं ठळक आहेत. लोकमान्य टिळक, जन्म रत्नागिरी, १८५६. 'केसरी'च्या छपाईसाठी देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील, यावर त्यांनी बरंच काम केलं. दुसरे सावरकर. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ यांना स्वतंत्र अक्षरं कशाला, 'अ'लाच वेलांटी आणि उकार द्या, म्हणजे छपाई सोपी होईल, असं त्यांचं म्हणणं. दोघांचा प्रश्न एकच होता, की एवढी अक्षरं आणि जोडाक्षरं इंग्रजीच्या मापाच्या यंत्रात कोंबायची कशी?

कॉम्प्युटरपुरतं याचं उत्तर १९८६ मध्ये निघालं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड ठरवला, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या इस्की प्रमाणातही तो आला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. सुरेख रचना आहे. पण कळा त्याच, इंग्रजीच्या! म्हणजे एकाच कळीवर दोन लिपींचं बिऱ्हाड. समजा रत्नागिरीकराचा पासवर्ड आहे हापूस, इंग्रजी अक्षरांत: एच, ए, पी, यू, एस. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असताना बोटं अगदी त्याच पाच कळांवर पडली, तर उमटतं 'पोजहे'. पडद्यावर मात्र पाच ठिपके. हापूसचेही पाच, पोजहेचेही पाच.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी रत्नागिरीला असतात. वय ऐंशीच्या आसपास. डेस्कटॉपवर मराठीत टंकायला शिकले आणि गावातल्या जुन्या आठवणी लिहीत बसतात. एका शनिवारी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "तीन दिवस झाले, आत घेत नाही रे. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारायला सांगितलंन. मारू म्हणतो." मी विचारलं, लिखाणाची दुसरी प्रत आहे का? नव्हती. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "लिखाणाचं सोड. आमच्या थोरल्या भावालाही असंच सुरू झालं होतं. आधी छोट्या गोष्टी विसरायचा."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस तीन दिवस कॉम्प्युटर नव्हे, स्वतःचं डोकं तपासत होता. एका ओळीच्या संदेशाने.

"गुरुजी, पासवर्ड टाका, पण एंटर नका मारू. चौकटीत उजवीकडे डोळा दिसतोय? तो दाबून धरा. काय दिसतं?"

"अरे! यात तर काना-मात्रा उमटल्यात!"

झालं. कधीतरी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं असणार आणि कीबोर्ड मराठीवर गेलेला. भाषा बदलली, दार उघडलं. गुरुजींची स्मरणशक्ती ठणठणीत होती, त्या पाटीलाच बोलता येत नव्हतं.

मग सरळ मराठीतच पासवर्ड ठेवला तर? तिथे आणखी मजा आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन रीतींनी टंकता येतो: एक ऱ या वेगळ्या अक्षरापासून, दुसरी साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला सारखंच, आतले आकडे वेगळे. 'ॲप'मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी अ वर चंद्र काढत, आणि आजही काही कीबोर्ड तसाच काढतात. २०१७ मध्ये आरएफसी ८२६५ या इंटरनेट प्रमाणाने सांगितलं, की तपासण्याआधी पासवर्डातली अक्षरं एका ठरलेल्या रूपात आणा. पण त्या ठरलेल्या रूपातही या दोन मराठी जोड्या वेगळ्याच राहतात! म्हणजे एका कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या कीबोर्डला परका वाटू शकतो.

असो. तर पुढच्या वेळी कुणी "बरोबर टाकतोय तरी" म्हटलं, की आधी विश्वास ठेवा. मग कॅप्स लॉक बघा. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषा बघा. पिन मागतोय की पासवर्ड, ते बघा. दोन्ही वेगळे असतात. मोबाइलवरून अकाउंटचा पासवर्ड बदलला असेल आणि डेस्कटॉपला नेट नसेल (कोकणातला जुलै आठवा), तर त्या बिचाऱ्याला जुनाच ठाऊक असतो, तो टाकून बघा. कीबोर्डची एखादी कळ मेली असेल तर पडद्यावरचा कीबोर्ड वापरा. आणि फॉरमॅट अगदी शेवटी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फाइली आधी बाहेर काढता येतात.

गुरुजींचं लिखाण आता दोन ठिकाणी साठवलेलं असतं. सध्या १९५० च्या दशकातल्या त्यांच्या शाळेवर लिहितायत. सगळ्या मास्तरांची नावं पाठ आहेत त्यांना, टोपणनावांसकट.