दिवाळीनंतर न आलेली मुलं

बारामती-इंदापूर भागात शिकवलेल्या कुठल्याही जुन्या प्राध्यापकाला विचारा, वर्ग कधी रोडावतो? परीक्षेत नापास झाल्यावर नाही, उन्हाळ्यातही नाही. दिवाळीनंतर. पहिलं सत्र संपतं, मुलं एसटीने गावी जातात आणि दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच बाक रिकामे दिसतात. ही मुलं कॉलेज ‘सोडत’ नाहीत. अर्ज देत नाहीत, दाखला मागत नाहीत, भरलेल्या फीचं काय म्हणून विचारत नाहीत. ती फक्त येत नाहीत. हजेरीपटावर काही दिवस त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते आणि मग सर ते नाव पुकारायचंच बंद करतात.

फी परत मिळण्याचे नियम हा तसा रुक्ष विषय. पण मला हल्ली वाटायला लागलंय, की आपल्याकडच्या उच्च शिक्षणाचा इतिहास आपण फार करून प्रवेशाच्या बाजूने लिहितो. कॉलेज कधी निघालं, मुली किती आल्या, पहिला पदवीधर कोण... मधेच बाहेर पडणाऱ्याला व्यवस्थेने कसं वागवलं, हेही एकदा लिहून पाहायला हवं. आमच्या भागापुरता मी तसा प्रयत्न करतोय.

आधी जमीन. भाटघरच्या धरणाचं पाणी १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्यातून वाहायला लागलं आणि या दोन्ही तालुक्यांचे दोन-दोन तुकडे झाले, बागायत आणि जिरायत. कालव्याखाली ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, पुढे सहकारी कारखाने आले. कालव्यापासून लांब राहिलेली सुपे, मोरगाव, लोणी भापकर, तिकडे इंदापुरात लाकडी, निंबोडी ही गावं मात्र आभाळाकडेच बघत राहिली. बाहेरचा माणूस ‘बारामती’ म्हटलं की हिरवा ऊस डोळ्यांसमोर आणतो. तालुक्यातला माणूस आधी विचारतो, कुठली बारामती?

या दोन तुकड्यांत पैसा येण्याची वेळ वेगळी आहे. बागायतदाराच्या घरी कारखान्याची मोळी पडल्यावर, हिवाळ्यात उसाचा पहिला हप्ता येतो, पुढे कधी कांडेबिल येतं. पैसा उशिरा येतो, पण येणार हे ठाऊक असतं. त्यामुळे जूनमधली फी उसनवारीने किंवा सोसायटीच्या आधारावर भागते. जिरायतदाराचं तसं नाही. हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे जूनच्या पावसापेक्षा परतीचा पाऊस मोलाचा. उत्तरा गेली, हत्तीही कोरडा गेला, की रब्बीची ज्वारी गेली, आणि ज्वारीबरोबर कडबाही. म्हणजे वर्ष बुडालं की तरलं, हे घराला कळतं ते ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मुलाला कॉलेजात ठेवायचं की नाही हा निर्णय तेव्हा होतो, आणि तो दिवाळीत घरी आल्यावर त्याला सांगितला जातो.

आता फीकडे येऊ. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९-६० च्या सुमारास, आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी फी माफीची सवलत आली. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर मुलाची फी सरकार भरणार. हीच ती ‘ईबीसी’. आमच्याकडे त्या पिढीतली माणसं आजही ‘मी ईबीसीवर शिकलो’ असं अभिमानाने सांगतात. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं आणि शिकायला पुणं गाठण्याची सक्ती संपली. या दोन गोष्टी दोन-तीन वर्षांच्या अंतराने घडल्या आणि एका पिढीचं नशीब पालटलं, असं म्हणायला हरकत नाही.

या मुलांपुढे फी परत मागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांनी ती भरलेलीच नसे. १९७२ च्या दुष्काळात शिक्षण सोडून खडी फोडायला गेलेल्या मुलाचं वर्ष गेलं, पण घरचा पैसा कॉलेजात अडकला नाही. फी माफीचा हा फायदा आपण सहसा मोजत नाही. आत येणं तर ती स्वस्त करतेच, पण बाहेर पडणंही स्वस्त करते. आणि ज्याचं बाहेर पडणं स्वस्त असतं, त्याला परत येणंही सोपं जातं.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र बदललं. पुढे विनाअनुदानित तुकड्या साध्या कॉलेजांतही आल्या, संगणकाच्या आणि व्यवस्थापनाच्या पदव्या आल्या. फी आता हजारांत गेली आणि ती घरातून आली. तेव्हापासून ‘मधेच सोडलं तर?’ या प्रश्नाला किंमत आली. काही संस्था पुढच्या वर्षांची फीही आधीच घेत, मूळ दाखले अडकवून ठेवत. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या ‘इस्लामिक अकॅडमी’ खटल्यात सांगितलं, की एका वेळी एका सत्राची किंवा वर्षाचीच फी घ्या. मुलगा मधेच जाईल अशी भीती असेल तर फार तर हमीपत्र किंवा बँक हमी घ्या. एप्रिल २००७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर सूचना काढली: वर्ग सुरू व्हायच्या आत सोडलं तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी सगळं परत द्या, आणि मूळ दाखला ठेवून घेऊ नका. वर्ग सुरू झाल्यावर सोडलं तर? रिकामी जागा दुसऱ्याने भरली तर त्या प्रमाणात पैसे परत. तालुक्याच्या गावी नोव्हेंबरात रिकामी झालेली जागा कोण भरणार, हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आयोगाने नीट पायऱ्याच ठरवून दिल्या. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी सोडलं तर पूर्ण फी, किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा जाता. त्यानंतर, पण त्या तारखेच्या आत, नव्वद टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांत ऐंशी, तीस दिवसांत पन्नास, आणि तीस दिवसांनंतर शून्य. नियम स्पष्ट आहे, मुलांच्या बाजूचा आहे, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. एका कॉलेजात प्रवेश घेतला, मग दुसरीकडे चांगली जागा मिळाली, पहिली सोडली... हा नियम त्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. म्हणजे अधिक चांगलं काही मिळालं म्हणून जाणारा मुलगा. काहीच उरलं नाही म्हणून जाणारा मुलगा त्यात नाही.

त्याच महिन्यात, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी, राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बारामती आणि इंदापूर दोन्ही त्यात होते.

पाच वर्षांनी, २०२३-२४ साठी आयोगाने मुदत वाढवून दिली होती. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी, ३१ ऑक्टोबरपर्यंत हजार रुपये कापून. आणि ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करणारा शासन निर्णय निघाला तोही ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी. पुन्हा बारामती आणि इंदापूर त्या यादीत. म्हणजे तुमचं वर्ष बुडालं हे सरकारने ज्या दिवशी मान्य केलं, त्याच दिवशी संध्याकाळी फी परत मागायची मुदत संपली! २०२४-२५ लाही मुदतीचे दिवस हेच होते, ३० सप्टेंबर आणि ३१ ऑक्टोबर.

यात कुणाचा कट नाही. एक तारीख दिल्लीत प्रवेशाचं वेळापत्रक पाहून ठरते, दुसरी मुंबईत पावसाचे आणि पिकांचे आकडे पाहून. दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर असतात. दुष्काळाच्या सवलतींत शेतसाऱ्यात सूट असते, कर्जवसुलीला स्थगिती असते, शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ असतं. परीक्षा शुल्काची माफी चांगलीच आहे. पण ती परीक्षेला बसणाऱ्याला मिळते. दिवाळीनंतर जो आलाच नाही, त्याला माफ करायला परीक्षाच उरत नाही.

माझ्या वर्गात असा एक जण होता. जिरायत पट्ट्यातला, गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. दिवाळीनंतर आला नाही. पुढे दोन वर्षांनी एका लग्नात भेटला, तेव्हा मी विचारलं, निदान अनामत रक्कम तरी नेलीस का? तो हसून म्हणाला, ‘आपणच सोडून आलो, आता कुठल्या तोंडानं मागायचं?’ आपला हक्काचा पैसाही त्याला मागणं वाटत होतं. नियम कितीही चांगला असो, त्यासाठी आधी ‘मी सोडतोय’ असं लिहून द्यावं लागतं. आणि ते लिहिणं म्हणजे हरल्याची सही करणं, असं आमच्याकडच्या मुलांना वाटतं.

न लिहिण्याची किंमत फीपेक्षा मोठी असते, कारण शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ची, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. तिच्या नियमांत एक कलम आहे: वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर मिळालेली रक्कम राज्य सरकार परत मागू शकतं. पण त्याच नियमांत दुसरंही कलम आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. आजारपणामुळे किंवा इतर अकल्पित कारणाने वार्षिक परीक्षा देता आली नाही, तर पुरावा जोडून, आणि ‘हा बसला असता तर पास झाला असता’ असं प्राचार्यांनी प्रमाणित केल्यास, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहू शकते. जुनी ईबीसी आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती झाली आहे. तिच्यात अट आहे, की अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा. म्हणजे एका वर्षाचा खंड चालतो! दुष्काळाचं एक वर्ष घरी काढून परतणाऱ्या मुलासाठी दार बंद नाही. ते बंद आहे असं समजून तो घरी बसतो.

इथे मला १९१७ सालचं लंडन आठवतं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि आंबेडकरांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. शिवाय बडोदा संस्थानाच्या नोकरीचा करार डोक्यावर होताच. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेतली होती. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, एका मित्राने कर्ज दिलं, आणि १९२० मध्ये ते परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. त्यांची बुद्धी आणि जिद्द सगळ्यांना माहीत आहे. पण त्या जिद्दीला उभं राहायला एक कागद लागला, ज्यावर लिहिलं होतं की हा माणूस गेलेला नाही, थांबलेला आहे. आमच्या दिवाळीनंतरच्या मुलांकडे तेवढा कागद नसतो.

मुदती हलवता येत नाहीत असंही नाही. कोरोनाच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, टाळेबंदीने पालकांची झालेली ओढाताण पाहून आयोगानेच पूर्ण परताव्याची मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत आणि हजार रुपये कापून ३१ डिसेंबरपर्यंत नेली होती. देशभर एकदम आलेलं संकट दिल्लीला दिसलं. दर चार-पाच वर्षांनी चाळीस किंवा दीडशे तालुक्यांवर येणारं संकटही तसंच आहे, फक्त ते हप्त्याहप्त्याने येतं.

मला सुचतं ते एवढंच. एखादा तालुका दुष्काळी जाहीर झाला, की तिथल्या मुलांच्या परताव्याचे तीस दिवस त्या जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजावेत. परीक्षा शुल्क माफीच्या ओळीखाली आणखी एक ओळ, बस्स. तोवर दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला वर्गशिक्षकांनी पाच मिनिटं काढून मुलांना सांगावं, की बाबांनो, कुणाला थांबावं लागणार असेल तर न येता राहू नका. साध्या कागदावर कारण लिहा, तारीख घाला, आणि पोच घेऊन जा.