जस्टिस फॉर ऑल (व्हिडिओ गेम)

जपानच्या कॅपकॉम कंपनीने निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी काढलेला न्यायालयीन रहस्यखेळ. ‘एस अटर्नी’ या मालिकेतला हा दुसरा भाग १८ ऑक्टोबर २००२ रोजी जपानमध्ये ‘ग्याकुतेन साइबान २’ या नावाने आला. ‘फीनिक्स राइट : एस अटर्नी – जस्टिस फॉर ऑल’ ही त्याची इंग्रजी आवृत्ती २००७ च्या जानेवारीत उत्तर अमेरिकेत आणि मार्चमध्ये युरोपात निन्टेन्डो डीएस या यंत्रावर उपलब्ध झाली. लेखन व दिग्दर्शन शू ताकुमी यांचे, निर्मिती आत्सुशी इनाबा यांची आणि पात्ररेखाटन कुमिको सुएकाने यांचे.

या खेळात पळापळ नाही, नेमबाजी नाही. खेळाडू फीनिक्स राइट या तरुण फौजदारी वकिलाच्या भूमिकेत असतो आणि बहुतेक वेळ वाचत व विचार करत असतो. प्रत्येक प्रकरणाचे दोन भाग आळीपाळीने येतात. तपासाच्या भागात घटनास्थळ धुंडाळायचे, माणसांना बोलते करायचे, पुरावे गोळा करायचे. कोर्टातल्या भागात साक्षीदाराची जबानी वाक्यावाक्याने पुढे येते. खेळाडूने एखाद्या वाक्यावर साक्षीदाराला खोदून विचारायचे किंवा ते वाक्य खोटे पाडणारा नेमका पुरावा न्यायाधीशांपुढे ठेवायचा. पुरावा बरोबर लागला की पडदाभर ‘ऑब्जेक्शन!’ उमटते आणि साक्षीदाराला घाम फुटतो. उलटतपासणी हाच या मालिकेचा खरा खेळ, आणि तिची रचना ताकुमी यांनी फार बारकाईने केली आहे. खोटे बोलणारा माणूस सहसा सगळेच खोटे सांगत नाही. नऊ वाक्ये खरी सांगतो आणि दहाव्यात पाय घसरतो. ते दहावे वाक्य हुडकणे हे खेळाडूचे काम.

सात जणांच्या छोट्या चमूने केलेला पहिला भाग १२ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आला होता. दुसऱ्या भागात त्या चौकटीला दोन महत्त्वाच्या गोष्टींची जोड मिळाली. पहिल्या भागात ठरावीक पाच चुकांची मर्यादा होती. इथे तिच्या जागी एक पट्टी आली आणि प्रसंगाच्या गांभीर्यानुसार चुकीची किंमत कमी-जास्त होऊ लागली. एखाद्या निर्णायक क्षणी एकाच चुकीने खटला हातचा जातो. शिवाय वस्तूंच्या जोडीला माणसांची माहितीही पुरावा म्हणून दाखवता येऊ लागली.

त्याहून मोठी भर म्हणजे मनाची कुलुपे. मागातामा हा स्वल्पविरामाच्या आकाराचा प्राचीन जपानी मणी. कथेतल्या कुराइन गावच्या पर्ल या लहान मुलीने आपल्या शक्तीने भारलेला असा मणी फीनिक्सजवळ असतो. समोरची व्यक्ती काही दडवत असली की तिच्याभोवती साखळ्या आणि लाल कुलुपे दिसू लागतात. जेवढे गुपित खोल, तेवढी कुलुपे जास्त. योग्य पुरावे दाखवत ती एकेक फोडायची. सगळी फुटली की खर्ची पडलेल्या पट्टीचा काही भाग परत मिळतो. पहिल्या भागात तपास म्हणजे कोर्टाची वाट पाहत केलेली हिंडफीर वाटे. या एका कल्पनेने कोर्टाबाहेरच्या गप्पांनाही उलटतपासणीची धार आली.

खेळात एकूण चार प्रकरणे आहेत. पहिल्यात खरा गुन्हेगारच खटल्याआधी फीनिक्सच्या डोक्यात अग्निशामक नळकांडे घालतो आणि त्याची स्मृती जाते. नवख्या खेळाडूला नियम शिकवण्यासाठी योजलेली ही युक्ती आहे : वकिलालाच काही आठवत नाही, मग त्याला सगळे पुन्हा समजावून सांगणे ओघानेच आले. दुसऱ्या प्रकरणात फीनिक्सची सहकारी माया फे हिच्यावर, मृतात्म्याला अंगात बोलावण्याच्या विधीदरम्यान एका डॉक्टरचा खून केल्याचा आरोप येतो. तिसरे सर्कशीतले. कथानक ताणलेले आहे आणि विनोदाचा भाग फिका. मात्र खुन्याची हकिकत शेवटी काळजाला भिडते, कारण मरायचे होते भलत्याच माणसाने आणि बळी गेला ज्याच्यावर त्याची माया होती तो.

सरकार पक्षातर्फे उभी राहणारी फ्रान्झिस्का फॉन कार्मा अवघी अठरा वर्षांची. हातात चाबूक घेऊन ती कोर्टात येते आणि न्यायाधीशांवरही तो उगारते. खेळातले कोर्ट असे अतिशयोक्त असले, तरी त्याच्या मुळाशी असलेली भीती खरी आहे. इथे खटला तीन दिवसांत संपवावा लागतो, ज्यूरी नाही, आणि खरा गुन्हेगार दाखवल्याशिवाय आरोपी सुटत नाही. जपानमध्ये खटल्यापर्यंत गेलेल्या आरोपींपैकी ९९ टक्क्यांहून अधिक दोषी ठरतात. गंभीर गुन्ह्यांच्या सुनावणीत सामान्य नागरिकांना न्यायाधीशांसोबत बसवण्याची पद्धत तिथे मे २००९ मध्ये सुरू झाली, म्हणजे हा खेळ आल्यावर जवळपास सात वर्षांनी. भारतातला प्रवास याच्या उलटा. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही.

चौथे प्रकरण हे या खेळाच्या थोरवीचे कारण. दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय नटाचा हॉटेलात खून होतो आणि त्याचा स्पर्धक मॅट एन्गार्ड आरोपी ठरतो. शेली द किलर हा भाडोत्री मारेकरी मायाला पळवून नेतो आणि अट घालतो : एन्गार्ड निर्दोष सुटला तरच ती जिवंत परतेल. फीनिक्स एन्गार्डला समोर बसवून विचारतो, तू खून केलास का? तो म्हणतो, मी कुणाचाही खून केलेला नाही. एकही कुलूप दिसत नाही. फीनिक्सची खात्री पटते आणि त्याच्यासोबत खेळाडूचीही. पुढे उलगडते की ते वाक्य शब्दशः खरे होते. एन्गार्डने स्वतः मारले नव्हते, पैसे देऊन मारवले होते. मागच्या भागापासून खेळाडूच्या मनात रुजलेली श्रद्धा अशी की आपला अशील निर्दोषच असतो. ताकुमी यांनी ती खेळाच्याच नियमांनी मोडली आहे, आणि मालिकेत इतके सचोटीचे लेखन दुसरे क्वचितच सापडेल.

मग प्रश्न उरतो तो वकिलाचा. मायाला वाचवायचे तर एका निरपराध बाईला फासाकडे ढकलायचे आणि खुन्याला मोकळे सोडायचे. पहिल्या भागातला सरकारी वकील माइल्स एजवर्थ इथे परततो आणि फीनिक्सला विचार करायला भाग पाडतो : दोन्ही बाजूंचे वकील प्रामाणिकपणे भिडले तरच सत्य बाहेर येते, जिंकणे हे कुणाचेच काम नव्हे. शेवटी एन्गार्डने खुनाचे गुपचूप चित्रण करून मारेकऱ्यालाच धाकात ठेवायचा बेत केल्याचे उघड होते. मारेकरी करार मोडतो, आणि त्याच्या भीतीने एन्गार्ड स्वतःच शिक्षा मागतो. या टप्प्यावर हरलेल्या खेळाडूसाठी वेगळा, उदास शेवट आहे.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अजमल कसाबचे वकीलपत्र कुणी घ्यायचे यावरून वादळ उठले, आणि अखेर न्यायालयाने अब्बास काझमी यांची नेमणूक केली. आरोपीच्या अपराधाबद्दल स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. बचाव न करण्याचे वकील संघटनांचे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. वास्तवातला कायदा खेळाच्या पुढे जातो. फीनिक्स निर्दोष माणसांसाठी लढतो. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदातला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क, काही अपवाद वगळता, अटक झालेल्या प्रत्येकाला आहे.

कोर्टाभोवती रहस्य गुंफणारी मराठीतली सर्वांत जवळची कृती म्हणजे आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२). फिरत्या रंगमंचावर कोर्ट आणि भूतकाळ आलटून-पालटून दिसतात, आणि लखोबा लोखंडे स्वतःचा खटला स्वतःच लढवत साक्षीदारांना उलटे प्रश्न विचारतो. आरोपी खोटा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तो पकडला कसा जाणार, यातच रस. ताकुमी यांच्या कित्येक प्रकरणांची बांधणी अशीच आहे.

समीक्षकांनी कथेचे कौतुक केले, पण डीएस यंत्राच्या नव्या सोयींचा वापर झाला नाही अशी तक्रारही केली. ती रास्त होती : पहिल्या भागाच्या डीएस आवृत्तीत स्पर्शपडदा वापरणारे एक नवे प्रकरण जोडले होते, दुसऱ्याच्या वाट्याला तसे काही आले नाही. २०१६ च्या अ‍ॅनिमे मालिकेत पहिल्या दोन भागांच्या कथा आल्या. ९ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या तीन भागांचा संच संगणक आणि घरगुती यंत्रांसाठी निघाला. मोबाइलवरही तो मिळतो, आणि आपल्याकडे बहुतेकांना हा खेळ खेळण्याचा तोच सोपा मार्ग आहे.

भारतीय भाषांत मात्र तो आलेला नाही. इंग्रजी रूपांतरकारांनी कथा जपानमधून लॉस एंजेलिसला नेली, पात्रांची नावे बदलली, कोट्या नव्याने रचल्या. मराठीत आणायचा तर तेवढेच धाडस लागेल. जबानीतली विसंगती बोलण्याच्या लकबीत दडलेली असते, म्हणून पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्याचा साक्षीदार परभणीच्या जिल्हा न्यायालयात जसा बोलेल, तसाच तो पडद्यावर बोलायला हवा. पुस्तकी मराठीत त्याचे खोटे पकडताच येणार नाही.