ॲसिटोन-ब्यूटेनॉल किण्वन
प्राणवायूचे वावडे असलेल्या क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्यूटिलिकम या जीवाणूकडून पिष्टाचे वा शर्करेचे ॲसिटोन, ब्यूटेनॉल व एथेनॉल यांत साधारणतः ३:६:१ या प्रमाणात रूपांतर करविणारी औद्योगिक प्रक्रिया. मँचेस्टर येथे संशोधन करीत असता हाइम वाइझमान यांनी तिचा पाया घातला. आणि पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट या धूररहित स्फोटकासाठी ॲसिटोनची निकड भासताच ब्रिटिश सरकारने ती इतक्या तातडीने अमलात आणली की, १९१७ मध्ये धान्याची टंचाई पडल्यावर पिष्टाचा पर्यायी स्रोत म्हणून शाळकरी मुलांकरवी हॉर्स चेस्टनटची फळेही गोळा करविली.

प्रक्रियेची खरी अडचण जीवाणूच्या स्वभावातच आहे: तो प्रथम ॲसिटिक व ब्यूटिरिक अम्ले निर्माण करतो, मग तीच पुन्हा शोषून विद्रावके बनवितो, आणि ब्यूटेनॉल लिटरला सुमारे १३ ग्रॅमवर गेले की स्वतःच्याच उत्पादनाने निकामी होतो, त्यामुळे एवढ्या विरल द्रवाच्या ऊर्ध्वपातनास लागणारे इंधन ही खर्चाची मोठी बाब ठरते. द्रवातून वायू खेळवून ब्यूटेनॉल तयार होता होताच काढून घेणे, हा उपाय केवळ अधिक सहनशील वाण शोधीत राहण्यापेक्षा निश्चितच भरवशाचा होय. विद्रावकनिर्मितीची आवश्यक जनुके एका मोठ्या प्लास्मिडावर (गुणसूत्राबाहेरील डीएनए-वलयावर) असून, वारंवार संवर्धनात ते गळाले की वाण वांझ होतो. म्हणून बीजुके राखून ठेवण्याची जुनी दक्षता आजही सोडता येत नाही.